बारा आठवड्यांचा तक्ता

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही तुमच्या बाजूनं काहीच कमी ठेवलेलं नाही," आणि मला वाटलं, खुर्चीतून ताडकन उठावं आणि चालू लागावं. पण खुर्चीतून ताडकन उठता येत असतं तर मी तिथे गेलोच नसतो. त्यांच्या समोर माझा तक्ता उघडा पडला होता. बारा आठवडे, आठवड्याचे सात दिवस, दिवसाचे चार व्यायाम, जवळजवळ प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी गुडघा किती दुखला त्याचा शून्य ते दहामधला आकडा. डॉक्टर तक्त्यावरून बोट फिरवत होते. इतका नियमित पेशंट त्यांनी क्वचितच पाहिला होता म्हणे. लोक आठवडाभर करतात, सोडतात, परत येऊन गोळ्या मागतात. आणि इतकं करूनही दुखणं सहाच्या खाली येत नाही याचा अर्थ सरळ होता, झीज व्यायामाच्या पलीकडे गेली होती. गुडघा बदलायचा. आधी उजवा, मग जमेल तसा डावा. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "रोज दार लावून अर्धा तास करतात हो, क्वचितच एखादा दिवस चुकवतात." डॉक्टरांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या गुडघ्याकडे पाहिलं. त्या गुडघ्याला स्प्रिंग होती आणि तो छान वाकत होता.

आता खरं सांगायचं तर त्या चौऱ्याऐंशी दिवसांतले चार दिवस मी व्यायाम केला. चार म्हणजे साडेतीन, कारण चौथ्या दिवशी मध्येच पोस्टमन आला आणि मी त्याचे उपकार मानत दाराशी गेलो तो परत आलोच नाही. व्यायाम असा काही अवघड नव्हता, तेच तर त्यातलं दुखणं होतं. पहाड चढायला सांगितला असता तर माणूस नाही तरी म्हणू शकला असता. इथे टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची आणि पाच आकडे मोजेपर्यंत ती गुडघ्यानं खाली दाबायची. असं दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दहा वेळा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. शेवटी कशाला तरी धरून टाचा वर करायच्या, दहा वेळा. व्यायाम शिकवणारी फिजिओ मुलगी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'दहा वेळा' म्हणायची, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव दहाबाई ठेवलं होतं. तिनं सांगितलं होतं की सुरुवातीला थोडं दुखेल, तरी थांबायचं नाही, मांडीचा स्नायू तयार झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. सुरुवातीला थोडं दुखलं आणि मी थांबलो. पाचव्या दिवशी सकाळी मी टॉवेल गुंडाळला, गुडघ्याखाली घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की असं निजायला फार बरं वाटतं.

ज्या माणसानं बत्तीस वर्षं लिफ्ट तपासण्याचं सरकारी काम केलं, त्याच्याकडून हे व्हावं याची मला लाज वाटायला हवी होती. पहिले दोन दिवस वाटलीही. माझं काम म्हणजे इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचं, दोर पाहायचा, ब्रेक पाहायचा, दारांची कुलपं पाहायची, आणि मग खिळ्याला अडकवलेली मेकॅनिकची रोजची नोंदवही काढायची. दोराला आणि ब्रेकला खोटं बोलता येत नाही, वहीला येतं, म्हणून माझा जीव वहीत असायचा. खरी वही कळकट असते. तिच्या कोपऱ्यांना ग्रीसचे अंगठे लागलेले असतात, मध्येच पेनची शाई संपलेली असते, एखाद्या दिवशी 'आवाज येतो' असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी 'आवाज गेला'. खोटी वही स्वच्छ असते. एका बैठकीत केलेल्या खुणा एकाच बाजूला कललेल्या असतात आणि पानाच्या तळाशी येईपर्यंत हात कंटाळलेला दिसतो. मी तीस दिवसांच्या महिन्यात एकतिसावी नोंद केलेले बहाद्दर पकडले आहेत. एका मेकॅनिकला तर मी त्याच्या इमारतीच्या कामावरून काढायलाच लावलं. वयस्कर माणूस होता, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. त्यानं हातापाया पडणं वगैरे काही केलं नाही. तो मला नुसतं समजावून सांगत होता, की साहेब, रोज ठीकच असतं हो, एक दिवस नाही बघितलं तर काही झालं नाही, मग दुसऱ्या दिवशी कशाला बघायचं तेच कळेना. मी त्याला जिन्यात उभं करून अर्धा तास व्याख्यान दिलं. नाकानं कांदे सोलायची मला तेव्हा फार हौस होती. पाचव्या दिवशी टॉवेल गुडघ्याखाली घेऊन पडलो असताना त्याचं ते वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवलं, आणि मला ते अगदी बिनतोड वाटलं.

पण एकदा खोटी वही लिहायचीच तर ती लिहावी माझ्यासारख्यानं. दर शनिवारी संध्याकाळी बायको भाजी आणायला गेली की मी तीन पेनं घेऊन बसायचो. एक निळं, एक काळं, एक शाई सांडणारं. काही खुणा तक्ता मांडीवर धरून करायचो, काही उभ्यानं भिंतीवर टेकवून, म्हणजे हात वेगळा पडतो. दुसऱ्या आठवड्यावर चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ उमटवलं, पूर्ण नाही. सात दिवस रिकामे सोडले, कारण एकही खाडा नसलेल्या वहीवर मी स्वतः कधी विश्वास ठेवला नव्हता. आणि ज्या दिवशी चौकोन रिकामा राहणार त्या दिवशी मी खोलीचं दार उघडं ठेवून 'आज गुडघ्याला सुट्टी' असं घरात जाहीर करायचो, कारण कागद आणि साक्षीदार जुळले पाहिजेत. एरवी अकरा वाजले की दार लावायचं. आत पलंगावर उताणं पडायचं, पंख्याच्या पात्यांवरची धूळ पाहायची, आणि अधूनमधून बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं मोजायचं. 'पाच... सहा... सात.' आठ-नऊ कधी कधी पेंगेत जायचे. दहा मात्र जोरात, वर एक सुस्कारा. एवढ्या सगळ्या लबाडीत माझ्या हातून एकच गोष्ट खरी झाली, आणि तिनंच माझा घात केला. दुखण्याचा आकडा मी रोज खरा लिहिला. त्या रकान्याशी आलो की माझा हात खोटं लिहायला वळेना. खुणा म्हणजे काय, कामगारानं करायच्या असतात. आकडा हे मोजमाप आहे, आणि मोजमापात मी उभ्या आयुष्यात फेरफार केलेला नाही. तेव्हा व्यायाम खोटे आणि दुखणं खरं असा तो तक्ता झाला. जरा अक्कल चालवून शेवटच्या महिन्यात सहाचे चार केले असते तर डॉक्टरांनी पाठ थोपटून घरी पाठवलं असतं. प्रामाणिकपणा असा अर्धामुर्धा करू नये, करायचा तर पुरता करावा नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नये.

ऑपरेशनला तीन आठवडे होते आणि घरात ते कार्य निघाल्यासारखं झालं. लेकीनं फोनवर रजा टाकल्याचं सांगितलं, दोन आठवड्यांची. बायकोनं बाथरूममध्ये बसायला उंच स्टूल आणलं, पलंगाखाली विटा लावून त्याची उंची वाढवली, आणि शेजारपाजारी सांगत सुटली की यांनी आपल्याकडून शर्थ केली, आता नशीब. मी प्रत्येक वाक्यासरशी खुर्चीत थोडा थोडा खाली सरकत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दिवाबत्तीच लागली होती. ज्यांचा गुडघा खरोखर कामातून गेलाय त्यांना ते ऑपरेशन उपकार वाटतं हे मला माहीत आहे. माझ्या ओळखीचे दोन जण ते करून आता माझ्या पुढे चालतात. पण मी घाबरलो होतो. बेशुद्ध करतील, हाड कापतील, आणि शुद्धीवर आल्यावर पहिल्या दिवशी ते मला काय करायला लावतील, तर तेच व्यायाम, दहा वेळा. आणि त्याहून मोठी भीती वेगळी होती. गुडघा कामातून गेलाय की मी नुसता आळशी आहे, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा. कदाचित तो सुधारला असता. तपासणी न करता यंत्र मोडीत काढायचा शेरा मी कुणाला मारू दिला नसता, आणि इथे मोडीत माझाच पाय निघत होता. सांगायचं तर तोंड कुठल्या तोंडानं उघडायचं, आणि न सांगायचं तर सुरी. रात्री मी कुशीवर वळलो की गुडघा कचकन बोलायचा, आणि बायको झोपेतच म्हणायची, "थोडेच दिवस राहिले."

शेवटी एका सकाळी, पेन्शनच्या कागदाचं काम आहे असं घरी सांगून, मी दहाबाईकडे गेलो. तिचा दवाखाना तळमजल्यावर आहे, पण तिथेही तीन पायऱ्या आहेत, आणि गुडघ्यांच्या दवाखान्याला पायऱ्या का, हे मी दर वेळी त्या चढताना स्वतःला विचारतो. बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या असाव्यात, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझी पाठ आपोआप सरळ झाली. त्यांनी विचारलं, "तुम्हीच का ते?" आणि भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर माझा तक्ता होता. त्याची मोठी रंगीत झेरॉक्स काढून दहाबाईनं ती चार टाचण्यांनी लावली होती आणि वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मनात आणलं तर जमतं'. त्या बाई म्हणाल्या की तुमच्यामुळे मला दर खेपेला बोलणी बसतात. चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळही झेरॉक्समध्ये छान उठलं होतं. मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो, दोन्ही पायांवर भार देऊन, आणि मला सांगताना संकोच वाटतो, पण क्षणभर माझी छाती अभिमानानं भरून आली. काम चोख होतं.

दहाबाई आतून आली, हसली, ऑपरेशनची तयारी कशी चाललीय म्हणाली. मी बोलायचं ठरवलेलं वाक्य सकाळपासून घोकलं होतं, ते ऐन वेळी विसरलो. मग माझं बोटच पुढे गेलं आणि तोंड त्याच्यामागून. मी म्हणालो, ही नोंद बघा. सोमवार ते शनिवार सगळ्या खुणांचा दाब सारखा आहे, सहा दिवस माणसाचा हात इतका सारखा पडत नाही. इथे पेन बदललंय, पण खुणेचं शेपूट तेच, उजवीकडे वर उचललेलं. सातव्या आठवड्यात मंगळवारची खूण सोमवारच्या खुणेवरून ओढली गेलीय आणि शाई दोन्हीकडे पसरलीय, म्हणजे दोन्ही एकाच वेळी ओल्या होत्या. कपाचा डाग पेनाच्या खाली आहे, वर नाही. आधी डाग पाडलाय आणि मग खुणा केल्यात. मी बाराही आठवड्यांची अशी उलटतपासणी केली, बिनचूक, जिन्यात त्या मेकॅनिकला ऐकवली होती त्याच आवाजात, आणि शेवटी सवयीनं म्हणालो, "ही वही एका बैठकीला एक आठवडा अशी भरलेली आहे. प्रत्यक्ष काम झालेलं नाही." दहाबाईनं तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाकावरच्या बाईंनी पर्स बंद करून दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"मग किती दिवस केलंत?" दहाबाईनं विचारलं.

"चार," मी म्हणालो. "साडेतीन."

ती रागावेल असं मला वाटलं होतं, निदान तशी आशा होती. ती टाचण्या काढायला लागली. चौथी टाचणी काढताना म्हणाली की महिन्यापूर्वी तिनं माझ्या मांडीचं माप टेपनं घेतलं होतं आणि ते सूतभरही वाढलेलं नव्हतं. तिला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण तक्ता इतका चांगला होता की तिनं वयाला दोष दिला. कागदावर विश्वास ठेवला, पायावर नाही, असं ती दोनदा म्हणाली, आणि मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, कारण ती चूक तिची नव्हती. ती डॉक्टरांना फोन करणार होती. ऑपरेशन बहुधा तीन महिने पुढे जाईल, तीन महिन्यांनी पुन्हा पाहतील, तेव्हाही सुधारणा नसेल तर मात्र गुडघा बदलायचा, आणि त्यात कमीपणा काही नाही. मी लगेच मान हलवली. पण माझ्या शब्दावर ती हे करणार नव्हती. "घरी काकूंना तुम्ही स्वतः सांगायचं," ती म्हणाली. "आणि आजपासून त्यांच्यासमोर करायचं." मी म्हणालो, त्यापेक्षा ऑपरेशन बरं. ती हसली नाही. मी विनोद केलेला नव्हता हे तिला कळलं असावं.

घरी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दार ढकललं, चपला काढायला भिंतीला धरून उभा राहिलो, आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, हळू, धाप लागलेला. "सहा... सात..." मी आत डोकावलो. ती ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, पाठमोरी, पदर खोचलेला, आणि टाचा वर खाली करत होती. पुऱ्या वर, मग सावकाश खाली. मला पाहून तिनं फडका उचलून ओटा पुसायला घेतला. मग फडका ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखी हसली आणि म्हणाली, "तुमच्याकडे बघूनच सुरू केलं. माझेही दुखत होते ना गुडघे. म्हटलं, यांच्यासारखा माणूस रोज करतो तर मला काय धाड भरलीय." तिचे गुडघे दुखत होते हे मला माहीत होतं की नव्हतं, ते मला आठवेना. हल्ली डॉक्टरांच्या जिन्यात ती कठडा न धरता माझ्या पुढे जाते हे मी पाहिलं होतं, आणि तिला घाई असते असं समजलो होतो. ती सांगत होती की मी दार लावलं की ती इकडे सुरू करायची. माझे आकडे ऐकू यावेत म्हणून रेडिओ बंद. कुणाचा फोन आला तर 'नंतर कर'. कुकर अकराच्या आधीच उतरवून ठेवायचा, शिट्टीत आकडा बुडायला नको. आज मी घरी नव्हतो म्हणून प्रथमच तिला स्वतःचं स्वतः मोजावं लागलं होतं. "मध्येच तुम्ही सातावरून एकदम दहावर जायचात," ती म्हणाली. "मला वाटायचं, यांचं झरझर होतं, मीच मेली मागे राहते. मग मी भरभर उरकायची."

मी तिथेच, दारात, सांगून टाकलं. पेनांचं, शनिवारचं, कपाच्या डागाचं, पंख्यावरच्या धुळीचं. बोलताना मला कळत होतं की भिंतीसमोर जे इतकं चटपटीत जमलं ते इथे तसं जमत नाहीये. ती ऐकत राहिली. ऑपरेशन पुढे जाईल हेही मी सांगितलं, मला वाटलं त्यानं बरं वाटेल. ती खुर्चीवर बसली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत इतका जवळून वाचला नसेल. रागाची तयारी मी केली होती, पण तो राग नव्हता, निदान नुसता राग नव्हता. "मी बारा आठवडे या घरात हळू चालले," ती म्हणाली. "बारा आठवडे भांडं वाजू दिलं नाही. आत माणूस मेहनत करतोय म्हणून." मग तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही झोपेत मोजत होतात." मी म्हणालो की आठ आणि नऊ झोपेत जायचे, बाकीचे जागेपणी मोजलेले आहेत. हे म्हणायला नको होतं. अचानक तिच्या नाकातून हसू फुटलं, तिला नको असताना, आणि त्याचा तिला आणखी राग आला, आणि ती डोळे पुसत आत निघून गेली. दुपारचं जेवण तिनं मला वाढलं, पण ताट जरा जोरात ठेवलं. मी खरंच शरमलो होतो. त्या मेकॅनिकसमोर, दहाबाईसमोर, डॉक्टरांसमोर मी नुसता तोंडघशी पडलो होतो. हिच्यासमोर मी लहान झालो होतो, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही, लेकीलासुद्धा नाही. लेकीला तिनं फोनवर एवढंच कळवलं की ऑपरेशन लांबलं, रजा परत घे.

दुसऱ्या दिवशी अकराला मी खोलीत गेलो आणि सवयीनं दाराला हात घातला. दार लागेना. तिनं मध्ये खुर्ची ठेवली होती आणि खुर्चीवर ती बसली होती. स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्यानं चालू होता आणि कुकरही लावलेला होता. मी टॉवेलची गुंडाळी केली, विटांवर उंच झालेल्या पलंगावर आडवा झालो, उजवा गुडघा गुंडाळीवर ठेवला आणि दाबला. दुखलं. बारा आठवड्यांपूर्वी दुखलं होतं तसंच, अगदी त्याच जागी, जणू ते माझी वाट पाहत थांबलं होतं. मी मोजायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मोजणार मी." तिचे आकडे फार लांब होते. पाच म्हणेपर्यंत मांडी थरथरायला लागायची, आणि दोन दाबांमध्ये ती रेडिओवरच्या बाईचं वाक्य पुरं ऐकून घ्यायची. सहाव्याला कपाळावर घाम आला. आठव्याला मी म्हणालो की झाले असतील दहा. पुढचा दाब सोडून मी डोळे मिटले, सुस्कारा टाकला, नेहमीचा, आणि म्हणालो, "दहा."

"नऊ झाले," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी स्वतः मोजलेत. तिनं खुर्ची ओढून पलंगाशी आणली, हात पुढे केला आणि गुडघ्याच्या वर, मांडीवर, तळवा टेकवून ठेवला. खोटं असेल तर तिथे कळतं हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मी दाबलं. तिच्या हाताखाली स्नायू कडक झाला, थरथरला आणि टिकला. कुकरची शिट्टी झाली. तिनं पाच आकडे सावकाश पुरे केले, हात उचलला आणि पलीकडे ठेवला.

"आता दुसरा पाय," ती म्हणाली.